ऑगस्टातली परीक्षा

हेन्निंगनं तोच विनोद दुसऱ्यांदा सांगितला आणि टोर्केल दुसऱ्यांदाही हसला. पुढं दिवसभर त्याला छळत राहिलं ते हे हसणं; विनोदाचं त्याला तितकंसं काही वाटलं नाही. पहिल्यांदा ते भेटले दुधाच्या कपाटापाशी, गुरुवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास. हेन्निंग डॉक्टर शिरीनकडच्या तपासणीहून थेट दुकानात आलेला, लोकरी टोपी मागे सरकवलेली, डाव्या कानामागे मंगळवारच्या सामन्यातला डाग निळ्याचा पिवळा होऊ लागलेला. "काय रे म्हाताऱ्या, कसं काय? पास झालो. शिरीन म्हणाली, ऑगस्टात होतास त्यापेक्षा दोन टक्क्यांनी हुशार झालायस. आणखी एक मार बसला डोक्यात तर इंजिनियर होऊनच घरी जाईन." टोर्केल मनापासून हसला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. टोर्केल नॉरहाम्नच्या आइस हॉकी संघाचा प्रशिक्षक होता आणि शनिवारी त्याचा कप्तान खेळणार होता. मग हेन्निंग पावाकडे वळला, टोर्केल चीजकडे, आणि सात-आठ मिनिटांनी गल्ल्याच्या रांगेत मागून खांद्यावर थाप पडली. "काय रे म्हाताऱ्या, कसं काय? पास झालो." शब्द तेच, त्याच जागी घेतलेला तोच श्वास, आणि इंजिनियरपाशी पोचल्यावर मारलेला डोळाही तोच. या गावात एकाच दिवशी एकाच माणसाला दुसऱ्यांदा भेटलं तर नुसती मान हलवतात, फार तर 'पुन्हा तूच का' म्हणतात. कुणी असं नव्यानं, पहिल्या भेटीच्या आनंदानं भेटत नाही. पुढे उभ्या असलेल्या बाईनं वळून पाहिलं, कारण तिनंही दुधाच्या कपाटापाशी ते सगळं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊ घातलं होतं, ते यायच्या आत टोर्केल हसला. मोठ्यानं, पहिल्या वेळेपेक्षा जरा जास्तच. बाई पुन्हा पुढं बघायला लागली.

दुकानातून घर चालत बारा मिनिटांवर. मार्चमधला बर्फ दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला, त्यावर नगरपालिकेनं टाकलेली खडी, आणि त्या खडीचा बुटाखाली होणारा आवाज टोर्केलला दातांत जाणवत होता. तो स्वतःशीच समजुतीची कारणं जुळवत चालला. हेन्निंगच्या घरी दोन लहान पोरं आहेत, धाकटं रात्री झोपत नाही. चौतिशीतला माणूस, मोसमातला पन्नासावा सामना, डोकं जागेवर राहील कसं. आणि विनोद आवडला की माणूस दोनदा सांगतोच, टोर्केलचा बाप तर बारा वर्षं एकच सांगत होता. पण बापाला माहीत असायचं की आपण तोच सांगतोय. कारण चांगलं होतं, पण ते या जागी बसत नव्हतं. मंगळवारी त्यानं स्वतः पाहिलं होतं. चकती कठड्याच्या कोपऱ्यात अडकलेली, हेन्निंग मान खाली घालून ती उकरतोय, आणि समोरच्या संघाचा तो पाटाएवढ्या छातीचा पोरगा खांदा पुढं काढून आला. आवाज मोठा नव्हता. मोठे आवाज कठड्याचे असतात, ते प्रेक्षकांना आवडतात. डोक्याला लागतं तेव्हा बारीकसा आवाज येतो, कुणी शेजारच्या खोलीत पुस्तक मिटल्यासारखा. हेन्निंग उठला, बाकावर येऊन बसला आणि पाण्याची बाटली तोंडाला न लावता हनुवटीला लावली. पाणी गळ्यावरून सदऱ्यात गेलं. टोर्केलनं ते पाहिलं आणि म्हणाला, "बरा आहेस ना?" हेन्निंग म्हणाला, "बरा आहे." चार मिनिटांनी तो पुन्हा बर्फावर होता. विचारण्याची आणि सांगण्याची ही रीत इतकी जुनी की त्यात प्रश्न कुठला आणि उत्तर कुठलं हेही आता कुणी पाहत नाही.

टोर्केलच्या तरुणपणी स्वेन-ओवे नावाचा प्रशिक्षक होता. लाकूडतोड्यांच्या घरातला, तोंडात कायम तंबाखूची पुडी. कुणी आडवा पडला की तो बर्फावरून बुटांनीच घसरत यायचा, डोळ्यांसमोर बोटं धरायचा आणि विचारायचा, "किती?" तो नेहमी दोनच बोटं धरतो हे नॉरहाम्नच्या संघात सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या पोराला पहिल्या आठवड्यात जिथं आंघोळीचा गरम नळ कुठला ते सांगायचे, तिथंच हेही सांगायचे. त्यामुळं शुद्धीवर असो नसो, जो तो दोन म्हणायचा. टोर्केलही एकदा म्हणाला होता, तेव्हा त्याला बोटं दिसतच नव्हती, पांढरं काहीतरी हलत होतं, चादरीसारखं. स्वेन-ओवेला हे माहीत होतं का? वीस वर्षांनी, स्वेन-ओवेच्या अंत्यविधीनंतर कॉफी पिताना जुन्यांपैकी कुणीतरी हा प्रश्न काढला होता. सगळे हसले, आणि एकजण म्हणाला, "अर्थात माहीत होतं. नाहीतर त्यानं कधीतरी तीन धरली नसती का?" ते वाक्य ऐकून टोर्केल त्या वेळीही हसला होता.

नंतर बोटं गेली आणि परीक्षा आली. टोर्केलच्या खेळण्याची शेवटची वर्षं होती ती. दर ऑगस्टात, हॉलमध्ये बर्फ घालायच्या आधी, एकेकाला संगणकापुढं बसवायचे. शब्द दाखवायचे, आकृत्या दाखवायच्या, मग विचारायचे यातलं काय पाहिलंस. लाल चौकोन आला की कळ दाबायची, किती झटकन दाबतो ते यंत्र मोजायचं. धडधाकट डोकं कसं चालतं त्याची ती नोंद. पुढं मोसमात डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा. ऑगस्टाइतकी जमली तर खेळायला मोकळा, नाही जमली तर घरी. शहाण्या माणसांनी केलेली शहाणी व्यवस्था. पण खेळाडूंच्या ध्यानात यायला दोन आठवडेही लागले नाहीत की ऑगस्टातच जरा सावकाश गेलं, लाल चौकोन दिसल्यावर मनात एक-दोन मोजून कळ दाबली, पाचातले दोन शब्द मुद्दाम विसरले, तर हिवाळ्यात केवढी सवड मिळते. मग बर्फावर कितीही आपटा, ऑगस्टातल्या त्या ठोंब्याइतकं तर कुणालाही जमतं. टोर्केल त्यात पटाईत होता. आणि प्रशिक्षक झाल्यावर दर ऑगस्टात पोरं रांगेनं त्या खोलीबाहेर उभी असली की जाता जाता म्हणायचा, "फार हुशारी दाखवू नका रे, हिवाळ्याला थोडी ठेवा." बस, इतकंच. उघड कुठंच काही नाही, कुणी लिहून घ्यावं असं तर नाहीच. पोरं हसायची. जी नवी असायची त्यांना जुनी समजावून सांगायची. अकरा ऑगस्ट त्यानं हे वाक्य म्हटलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटलं होतं की आपण पोरांच्या बाजूचे आहोत.

घरी त्याच्या बायकोनं, गुनिल्लानं, वाटाण्याचं सूप गरम करून ठेवलं होतं. गुरुवार, म्हणजे सूप आणि मागाहून जॅमचे पॅनकेक. शाळेत, कारखान्यात, लष्करात, या देशात गुरुवारी माणूस कुठंही सापडला तरी हेच खातो. ती गावच्या ग्रंथालयात कामाला होती, गुरुवारी दुपारची पाळी. टेबलावर लाकडी चमचे, लाकडी वाडगे. आठ-नऊ वर्षांपूर्वी केव्हातरी घरातली चिनी मातीची भांडी आणि स्टीलचे चमचे माळ्यावर गेले होते, का गेले यावर दोघांत कधी बोलणं झालं नव्हतं. पाहुण्यांना ती सांगायची की हल्ली हे असंच वापरतात.

"हेन्निंगनं मला एकच विनोद दोनदा सांगितला," टोर्केल म्हणाला.

"चांगला होता?"

"पहिल्यांदा बरा होता."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. चमचा ठेवला. स्टीलचा येतो तसा कपाळात जाणारा आवाज लाकडाचा आला नाही. "किती वेळानं?"

"दहा मिनिटंही नसतील."

"आणि परीक्षा?"

"पास झालाय."

"होणारच," गुनिल्ला म्हणाली. "तूही होत होतास."

खिडकीबाहेर छपरावरून पाणी ठिबकत होतं. ती एखादी जुनी पावती सापडावी तशा आवाजात म्हणाली, "शेवटच्या वर्षी, फेब्रुवारीत, तू एका दुपारी मला तीनदा विचारलंस की लिन्नेआला बालवाडीतून आणायला कोण जाणार. मी तीनदा सांगितलं की मी जाणार. चौथ्यांदा विचारलंस तेव्हा मला रडू आलं. तर तू म्हणालास, अगं, रडतेस कशाला, मी जातो ना. आणि निघालास गाडीची किल्ली घेऊन."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं की. त्याच रात्री सांगितलं. सांगितलेलं तू विसरलास, मग म्हटलं, जाऊ दे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून त्याला धरायला काही सापडेना. त्यानं सूप खाल्लं. मोहरी जास्त झाली होती, नाकात चढली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते मोहरीवर घालता आलं. त्या फेब्रुवारीतलं त्याला काय आठवत होतं? सामने आठवत होते, आणि तेही स्वतःचे कमी, इतरांनी सांगितलेले जास्त. लुलिओच्या संघाविरुद्धचा तो गोल सगळं गाव सांगतं, उजवीकडून आत शिरून, बचावपटूच्या दोन पायांमधून. टोर्केल ती गोष्ट स्वतःही सांगतो, हातवारे करून, पण आतून पाहिलं तर तिथं बर्फ नाही, थंडी नाही, चकतीचं स्टिकवर येणारं वजन नाही. नुसती गोष्ट आहे. त्या उलट सहा वर्षांचा असतानाची एक संध्याकाळ लख्ख आहे. गिरणीतून आलेला बाप अंगणात रबरी नळी धरून उभा, उणे अठरा, पाणी जमिनीवर पडतं आणि काळं होतं, काळ्याचं करडं होतं. बाप थर देतो, तासभर थांबतो, पुन्हा थर देतो. 'एकदम ओतलं तर पोकळ राहतं,' तो म्हणायचा. 'थरावर थर, म्हणजे माणसाचं वजन घेतं.' बापाला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बर्फ असा घालायचा की पंचक्रोशीतली पोरं त्यांच्याच अंगणात. त्या अंगणातून टोर्केल नॉरहाम्नच्या संघात गेला, सतरा मोसम खेळला, मधलं एक वर्ष स्वित्झर्लंडमध्ये, जिथं त्याला पैसा मिळाला आणि झोप मिळाली नाही. देशाच्या संघात एकदा बोलावणं आलं, तीन सराव सामने, मग पुन्हा आलं नाही. अडतिसाव्या वर्षी सहावा मार बसला आणि तो सुटला. सुटला असंच त्याला वाटलं. दुसरं काही येत नव्हतं म्हणून प्रशिक्षक झाला. लोक म्हणाले, खेळ रक्तात आहे. रक्तात काही नव्हतं, सुताराला म्हातारपणी रंधा ठेवून शिक्षक व्हायला सांगावं, तसं होतं. पण अकरा वर्षं निभावलं, आणि आता संघ तळाला येऊन पोचला होता. शनिवारचा सामना हरला तर नॉरहाम्न खालच्या वर्गात, तीस वर्षांत पहिल्यांदा.

"मग तू काय करणार?" गुनिल्लानं अंगात कोट चढवत विचारलं.

"त्याला संघात घेणार नाही. प्रशिक्षक आहे मी. का घेतलं नाही ते सांगावं लागत नाही."

"हं," ती म्हणाली. बायका लग्नाच्या तिसाव्या वर्षी जसं 'हं' म्हणतात, तसं.

शुक्रवारी सकाळी तो हॉलवर गेला तेव्हा बर्फ सपाट करणारं यंत्र फिरत होतं. रिकाम्या हॉलचा वास त्याला अजून आवडायचा, अमोनिया, ओलं रबर, कालची कॉफी. आपल्या खोलीत बसून त्यानं भिंतीवरच्या पांढऱ्या पाटीपुढं खुर्ची ओढली. पाटीवर वीस लोहचुंबकाच्या टिकल्या, प्रत्येकीवर एकेकाचं नाव. तिघातिघांच्या चार फळ्या, सहा बचावपटू, दोन गोलरक्षक. त्यानं पहिल्या फळीतली हेन्निंगची टिकली काढली आणि पाटीच्या खालच्या कडेला लावली, जिथं न खेळणारे असतात. त्या जागी कुणाला लावावं ते सुचेना. मग मूळ प्रश्नाकडं आला. न घेण्याचं कारण सांगावं लागत नाही हे खरं, पण कारण नसलं तरी लोक ते करून घेतातच. लोक म्हणतील, म्हातारा झाला, पाय गेले. याच गावात जन्मलेला, पंधरा वर्षं याच सदऱ्यात, आणि संघ बुडण्याच्या दिवशी प्रशिक्षकानं त्याला गॅलरीत बसवला. बरं, तेही चालेल. पण पुढं काय? एप्रिलमध्ये करार संपतोय. हातात पास झाल्याचा कागद, मनात अपमान. हेन्निंग मेमध्ये कुठल्यातरी दुसऱ्या संघाशी बोलेल, ऑगस्टात दुसऱ्या कुठल्यातरी खोलीत संगणकापुढं बसून एक-दोन मोजून कळ दाबेल. टोर्केलनं त्याला वाचवलं असं जे काही म्हणायचं ते एका शनिवारपुरतं. आणि खरं सांगायचं तर ते एकट्या हेन्निंगचं सांगता येत नव्हतं. त्याचा ऑगस्ट खोटा म्हटला की सगळ्यांचा खोटा. शिरीनला चौदा-पंधरा जणांना पुन्हा तपासावं लागेल, त्यातले मंगळवारच्या सामन्यानंतर कोण कोण बाद ठरतील कुणास ठाऊक, शनिवारी संघ कनिष्ठ पोरांनी भरावा लागेल. आणि हे कुणी शिकवलं, हा प्रश्न दुसऱ्याच वाक्याला येईल.

दारातून क्लबचा व्यवस्थापक पेर-ओला डोकावला. हातात कॉफीचे दोन कागदी पेले, चेहऱ्यावर आठवडाभराची राहिलेली झोप. "हेन्निंग आहे ना रे? मघाशी रेडिओवाल्यांना सांगून बसलोय, आहे म्हणून." मग त्याची नजर पाटीच्या खालच्या कडेवर गेली. "ती तिथं कशाला?"

"पडली असेल," टोर्केल म्हणाला.

"पडत नसतात त्या, चुंबक आहेत." पेर-ओलानं एक पेला टेबलावर ठेवला. "हे बघ टोर्केल, तुझ्या कामात मी कधी नाक खुपसलं नाही. पण उद्या हरलो ना, तर ऑफिसातली अकरा माणसं, कँटीनमधल्या त्या दोघी, बर्फवाला लेनार्ट, सगळ्यांना नोकरी गेल्याचं मीच बोलवून सांगणार आहे, तू नाही. तुझं काय, तुझा सदरा मानानं हॉलच्या छताला टांगलेला आहे."

तो गेल्यावर टोर्केलनं टिकली पुन्हा वर लावली. मग काढली. असं दोनदा झाल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्यानं हेन्निंगला फोन करून बोलावलं.

हेन्निंग आला तो हसतच, पण पाटीकडं बघून थांबला. टोर्केलच्या मुठीत आपली टिकली आहे हे त्याला न सांगता कळलं. दार लावून तो समोरच्या बाकावर बसला.

"उद्या तू नाहीस," टोर्केल म्हणाला.

"मी पास झालोय."

"ऑगस्टातल्या हेन्निंगपुढं पास झालायस. तो हेन्निंग कोण आहे ते आपल्याला दोघांनाही माहीत आहे."

हेन्निंगनं हनुवटी वर केली. "आता काढतोस हे? अकरा वर्षं दारात उभं राहून कोण सांगत होतं, हिवाळ्याला ठेवा म्हणून? मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा तूच इथं खेळत होतास, आंघोळीला तूच सांगितलंस, लाल चौकोन आला की मनात आईचं नाव घ्यायचं, मग दाबायचं."

"हो."

"हो काय हो? कुठल्या तोंडानं मला बसवतोस?"

"याच. दुसरं नाही." टोर्केलनं पेला सरकवला, हेन्निंगनं घेतला नाही. "काल दुकानात तू मला दोनदा भेटलास."

"मग?"

"पहिल्यांदा कुठं भेटलास?"

हेन्निंग हसला, तोंड उघडलं, आणि मग ते तसंच राहिलं. त्याचे डोळे खोलीभर हिंडले, पाटीवर, खिडकीवर, पेल्यावर, जणू कुठंतरी लिहून ठेवलेलं सापडेल. टोर्केलला त्याच्याकडं बघवेना आणि नजर काढवेना. तो शोध त्याला आतून ओळखीचा होता, पायऱ्या आहेत असं धरून पाय टाकावा आणि तिथं सपाट जमीन निघावी, तो धक्का. "गल्ल्यापाशी," हेन्निंग शेवटी म्हणाला.

"ती दुसऱ्यांदा."

बाहेर यंत्र थांबलं होतं, कुणीतरी दांडा आपटून बर्फ मोकळा करत होतं. मग हेन्निंग पुढं वाकला, आवाज खाली आणला. "बरं. उद्या नको घेऊस. हरकत नाही. पण शिरीनकडं जाऊ नकोस. एकदा त्या कागदावर चढलं ना, कुठलाच क्लब घेणार नाही. मला दोन वर्षं हवीत, टोर्केल. दोनच. घराचं काम अर्धं आहे. फॉर्म गेला म्हण. म्हातारा झाला म्हण, मी काही बोलणार नाही, पेपरवाल्यांसमोरही मान हलवीन. तुझंही झाकलं, माझंही."

टोर्केलला त्या क्षणी जे वाटलं ते दमणं होतं, पण झोपेनं जाईल असं नव्हे. इतकं चांगलं देणं कुणी त्याला आजवर दिलं नव्हतं. कप्तान गप्प, डॉक्टर गप्प, शनिवारी बाकीचा संघ शाबूत. हरलो तर हेन्निंगविना हरलो, जिंकलो तर धाडसी निर्णय. त्याला फक्त मान हलवायची होती. आयुष्यभर ज्याला 'बरा आहे' म्हणतात तेच हे, फक्त नवे कपडे घालून आलेलं. आणि तो मान हलवणारच होता. मानेला तसा हुकूमही गेला असावा, कारण हेन्निंगच्या चेहऱ्यावर सुटका दिसायला लागली. तेवढ्यात त्या सुटकेतच टोर्केलला समोर बसलेला माणूस नीट दिसला, कानामागचा डाग, दाढी करताना राहून गेलेली गालावरची पट्टी, एक बाजू पूर्ण केलेली आणि दुसरी विसरलेली. कुणी घरातून निघताना त्याला सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं.

"नाही," टोर्केल म्हणाला आणि उठला. उठताना गुडघा वाजला.

"टोर्केल."

"शिरीन एक वाजेपर्यंत असते खाली. जाऊन येतो."

"तू हलकट आहेस," हेन्निंग शांतपणे म्हणाला. त्यानं दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टर शिरीन मोरादी सोमवार ते बुधवार आरोग्य केंद्रात काम करायची आणि गुरुवार-शुक्रवार हॉलच्या तळघरातल्या खोलीत. चाळिशीची, केस पेन्सिलीनं वर बांधलेले, लहानपणी तेहरानहून आलेली आणि या गावच्या लोकांपेक्षा या गावची भाषा जास्त सावकाश बोलणारी. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. टोर्केलनं मागून सुरुवात केली, दुकानातून, मग ऑगस्ट, मग दारातलं वाक्य, मग स्वतःचं खेळणं. बोलताना एक नाव त्याला आठवलं नाही, दुसऱ्या फळीतल्या पोराचं, रोज ज्याच्याशी बोलतो त्याचं. तो थांबला. ती थांबली. नाव आलं.

"किती जण?" तिनं विचारलं.

"जुने सगळे. नव्यांतलं नक्की माहीत नाही. चौदा धर."

तिनं पेन्सिल केसांतून काढली, केस खांद्यावर आले, त्यामुळं ती एकदम तरुण दिसली आणि थकलेली. "मी या कागदांवर सात वर्षं सह्या केल्यात," ती म्हणाली. "घरी जाऊन शांत झोपलेय." मग तिनं एक कोरा कागद पुढं ओढला. "तू मूर्ख आहेस, टोर्केल. मी तर त्याहून. आकडे इतके वाईट कसे, अख्खा संघ इतका मंद कसा, हे मी एकदा तुला विचारलंही होतं. तू काय म्हणालास आठवतं?"

"नाही."

"म्हणालास, हॉकी खेळतात, बुद्धिबळ नाही."

तो हसला नाही. ती यादी लिहू लागली, तो नावं सांगू लागला. चौदावं स्वतःचंच सांगायच्या बेतात होता. तिच्या ध्यानात आलं असावं. "तुझं सोमवारी केंद्रावर बघू," ती वर न बघता म्हणाली. "गुनिल्लाला घेऊन ये. एकटा आलास तर परत पाठवीन. आणि हेन्निंगला आत्ता. आज. येईल तो?"

"आणतो."

"नाही आला तर?"

"आणतो," टोर्केल म्हणाला, आणि जिना चढून पेर-ओलाच्या खोलीवरून गेला. दार उघडंच होतं. त्यानं उंबऱ्यावरूनच सांगितलं, चार वाक्यांत, उद्या निम्मा संघ नसेल, आणि का. पेर-ओला उठला नाही, ओरडला नाही. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकला. "जा," हातांआडून म्हणाला. "तुझं काय ते मंगळवारी बोलू. आत्ता जा."

हेन्निंगची गाडी मागच्या आवारात होती, इंजिन चालू, तो आत बसलेला. दुपारचं ऊन साचलेल्या पाण्यावरून आणि बर्फावरून एकदम डोळ्यांत येत होतं. त्यानं समोरची उन्हाची झडप खाली ओढून घेतली होती, वर काळा चष्मा, आणि त्यावर हात आडवा धरलेला. टोर्केलनं दुसऱ्या बाजूचं दार उघडलं, सीटवरचा लहान मुलाचा एक हातमोजा उचलून मांडीवर घेतला आणि बसला.

"सांगितलंस?"

"सांगितलं. पेर-ओलालाही."

काचेवर धूळ वाळून बसली होती, तिच्यातून हॉलची विटांची भिंत दिसत होती. टोर्केलला वाटलं, आता हा गाडी सोडेल आणि मला घेऊन जाईल कुठंतरी, नाहीतर उतर म्हणेल. दोन्हीला तो तयार होता. त्याला कुठं जायचं नव्हतं.

"शनिवारी हरलो तर लोक तुला सोडणार नाहीत," हेन्निंग म्हणाला.

"नाहीत."

"मीही नाही सोडणार."

"तू सोडू नकोसच."

हेन्निंगनं किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. मग त्यानं हात न काढता, समोर बघतच विचारलं, "खाली शिरीनच्या खोलीत त्या दिव्याच्या नळ्या आहेत ना, छताला? पांढऱ्या. काल तिथं बसलो तर वाटलं, डोळ्यांत कुणी सुया..." तो थांबला. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, हे सांगतानाच कळत होतं. "बायकोला वाटतं, मी झोपतोय. मी नुसता अंधारात पडून असतो."

"विझवायला सांगतो," टोर्केल म्हणाला.

"विझवेल?"

"विझवेल. टेबलावरचा छोटा लावू."

हेन्निंग उतरला. आवारात उतारावरचा सगळा बर्फ वरून ओला होऊन काचेसारखा झालेला, खडी तिथवर पोचलीच नव्हती. टोर्केल गाडीला वळसा घालून आला आणि कोपर पुढं केलं. हेन्निंगनं ते धरलं, आधी बाहीला, मग नीट. दोघं उगाच घाई न करता, पाय न उचलता, इंचाइंचानं दाराकडं सरकत निघाले.